वरचा सिलिंडर

काल तिसरा पिस्टन गेला.
हिडकलच्या पाण्यात, बांधापासून बरंच आत,
आधी आवाज बारीक झाला, मग गोड.
गोड आवाज वाईट.
इनास म्हणाला, "काय मस्त चाललंय बघ,"
तेवढ्यात किर्र, आणि नाव
आपली आपण अर्धी वळून गप्प.
मग वल्हं. दोन तास वल्हं.
त्यानं एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

रात्री उद्यमबागेत शेड उघडलं.
समोरच्या फौंड्रीत भट्टी ओतायला घेतली होती,
तिच्या तांबड्या उजेडात प्लग काढले.
खालचे दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे, जेवूनखाऊन तृप्त.
वरचा पांढरा फटक,
टोकाला वितळल्या ॲल्युमिनियमचे मणी, मोहरीएवढे.
पिस्टनच्या माथ्याला भोक. करंगळी आरपार.

तिन्ही वेळा वरचाच.
हे मला दुसऱ्याच वेळी दिसायला हवं होतं.

पहिल्या वेळी मी दोष तेलाला दिला.
तेलाला म्हणजे भरमूला.
पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम त्याचं,
बाळाच्या औषधाच्या बाटलीनं मापायचा,
रेघेला डोळा लावून, जीभ बाहेर काढून.
"मामा, मी मापूनच घालूलोय की."
मापून घालणाऱ्याचं इंजिन जळत न्हाई, मी म्हणालो.
चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो.
दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
वडगावात मागावर लागला, असं नंतर कळलं.

दुसऱ्या वेळी टायमिंग दोन अंश मागं घेतलं,
जेट मोठा केला, रिंगांची फट पुन्हा मोजली,
साठ सालातल्या त्या इंजिनाला
मराठीत आणि कानडीत येतील तेवढ्या शिव्या घातल्या,
राहिलेल्या इनासनं कोकणीत.

आता तिसऱ्यांदा जळका पिस्टन हातात घेऊन बसलो
तेव्हा कुठं डोक्यात शिरलं:
तेल कमी पडलं असतं तर तिघंही मेले असते.
एकाच डब्यातलं पितात तिघं.

मग पोर्टांवर जुन्या ट्यूबचे तुकडे बोल्टनं आवळले,
सायकलचा पंप लावला, दोनच झटके,
आणि दाढीच्या ब्रशनं साबणाचं पाणी फिरवलं.
जोडावर काही नाही. रीडवर काही नाही.
फ्लायव्हील उतरवलं.
तिथं, शाफ्टच्या मुळाशी,
एक बुडबुडा आला. फुगला. फुटला.
मग दुसरा.

क्रँकचं वरचं सील.
ओठ आत हवा, तो बाहेर. उलटं बसलेलं.
इंजिन दर श्वासाला तिथून चोरून हवा ओढायचं,
पेट्रोल तेवढंच, हवा जास्त,
वरच्याला उपाशी पोटी पळवत होतो आम्ही,
आणि उपाशी तो पेटत होता.

सील मी बसवलं होतं.
भरमूला हात लावू दिला नव्हता.
नाजूक काम आहे, म्हणालो होतो.

दिवा फिरवला तर डब्याच्या मागं भिंतीवर
खडूच्या रेघा दिसल्या.
दर डब्याला एक, खाली तेलाचा आकडा,
शेवटच्या डब्यापर्यंत. एकही खाडाखोड नाही.
कितीदा तिथंच टेकून चहा प्यालो असेन.

सकाळी वडगावात गेलो.
बारा माग एका पत्र्याखाली, खटाखटा,
बोललेलं बोलणाऱ्याला ऐकू येत नाही.
तळहातावर सील पुढं केलं.
त्यानं अंगठ्यानं ते पालथं केलं, सुलटं केलं,
ओठावरून नख फिरवलं,
आणि माझ्याकडं बघितलं.
मी काहीतरी म्हणालो.
काय म्हणालो ते मलाही ऐकू आलं नाही,
त्यानं तोंडावरून ओळखलं असेल, नसेल.

चौथा पिस्टन मच्छ्याच्या फौंड्रीत साच्यात आहे.
येतो, असं भरमू म्हणाला नाही.
न्हाई, असंही नाही.
सील मात्र परत दिलं नाही.
खिशात घातलं,
आणि तुटलेला धागा जोडायला वळला.